धण्याचा वास परत येईपर्यंत: जुनाट सायनस आणि डोकेदुखीशी कसं वागावं

मार्च उजाडला की लालबागच्या मिरची गल्लीतून माणूस शिंकल्याशिवाय पार होत नाही. मी तिथून दोन गल्ल्या पलीकडे चाळीत राहते आणि गेली 19 वर्षं ऑर्डरीप्रमाणे मालवणी मसाला करून देते. ब्याडगी, संकेश्वरी, थोडी लवंगी, धणे, बडीशेप, खसखस, दगडफूल, नागकेशर. सगळं घरी भाजायचं आणि कांडपाला न्यायचं. या धंद्यात दोनच काटे लागतात, एक वजनाचा आणि दुसरं नाक. धणे परातीत कधी उतरवायचे ते घड्याळाला कळत नाही, नाकाला कळतं.

एका एप्रिलात माझे चार किलो धणे करपले. मी परातीपाशीच उभी होते, हातात उलथनं होतं, तरी मला पत्ता नाही. शेजारच्या वहिनी पदर नाकाला लावून धावत आल्या, "अहो, काय जळतंय तुमच्याकडे?" तेव्हा मी खाली बघितलं.

त्याआधी सहा वर्षं मी सगळ्यांना सांगत होते, "मला सायनस आहे." मुंबईत हे वाक्य इतकं चालतं की समोरचा लगेच "मला पण" म्हणतो आणि स्वतःची गोळी सुचवतो. खरं तर सायनस सगळ्यांनाच असतात. चेहऱ्याच्या हाडांतल्या हवेच्या पोकळ्या त्या. चार जोड्या: कपाळात, गालांत, दोन डोळ्यांच्या मधे आणि पार आत, नाकाच्या मागे. त्यांना सूज आली की तो आजार. गालातल्या पोकळीची तर रचनाच अशी की तिचं तोंड तळाशी नाही, वरच्या अंगाला आहे. मोरीचं भोक लादीत न ठेवता हातभर वर भिंतीत ठेवलं तर काय होईल? तेच. आतला चिकटा बाहेर काढायला केसाहून बारीक तंतू असतात, ते तो सतत वर ढकलत राहतात. सर्दीने, धुराने, धुळीने ते तंतू मंदावले किंवा सुजेने तोंड बुजलं की सगळं आत साठतं. डॉक्टर मॅडमनी केसपेपरच्या मागे हे चित्र काढून दाखवलं, तेव्हा मला पहिल्यांदा पटलं की नुसतं शिंकरून शिंकरून नाक लाल करण्यात अर्थ नाही.

दुखतंय काय, ते आधी ठरवा

पालिकेच्या हॉस्पिटलातली कान-नाक-घशाची ओपीडी. माझा नंबर यायला साडेअकरा वाजले. मॅडम वयाने माझ्या मुलीएवढ्या.

"दुखायला लागलं की काय करता मावशी?"

"झोपते."

"कुठे?"

हा काय प्रश्न? "आतल्या खोलीत. लाईट बंद करून. पोरांना सांगते, टीव्हीचा आवाज बंद करा."

"मळमळतं?"

"उलटी होते कधी कधी. पण ते पित्ताचं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "पित्ताचं नाही. तुम्हाला सायनसचा त्रास आहेच, पण हे जे डोकं दुखतं ते त्याचं नाही. ही अर्धशिशी आहे. दोन दुखणी आहेत, आणि तुम्ही दोघांना एकच औषध घालताय."

माझ्या आईला अर्धशिशी होती. ती कपाळाला फडकं करकचून बांधून पडायची. माझी समजूत अशी की अर्धशिशी म्हणजे अर्धंच डोकं दुखणार, डोळ्यांपुढे काजवे चमकणार. तसं काही बंधन नसतं. दोन्ही बाजूंना दुखू शकतं, गालात दुखू शकतं, डोळ्यांच्या मागे दुखू शकतं. वर नाक चोंदतं, डोळ्यांतून आणि नाकातून पाणी येतं, कारण चेहऱ्याची संवेदना वाहणारी नसच त्या वेळी चेतलेली असते. मग आपल्याला वाटणारच की सायनस आहे. 2004 साली अमेरिकेत "सायनसची डोकेदुखी" असा शिक्का बसलेल्या 2,991 लोकांना नीट तपासलं, तर 88 टक्के लोकांची लक्षणं मायग्रेनमध्ये, म्हणजे अर्धशिशीत, बसली. मी एकटी वेडी नव्हते म्हणायची.

फरक कसा ओळखायचा, ते मला जसं सांगितलं तसं सांगते. जुनाट सायनसमध्ये चार गोष्टी बघायच्या: नाक चोंदणं, घट्ट स्राव पुढून किंवा घशात उतरणं, चेहरा जड होणं, वास कमी होणं. यातल्या किमान दोन, आणि त्या दोनांत पहिली किंवा दुसरी असलीच पाहिजे, त्याही सलग 12 आठवडे. शिवाय दुर्बिणीत किंवा सीटी स्कॅनमध्ये सूज दिसायला हवी. जुनाट सायनस पुष्कळदा ठणकत नाही, नुसता जड असतो, डोक्यावर ओलं पोतं ठेवल्यासारखा. याउलट मायग्रेन येतं आणि जातं. 4 तासांपासून 72 तासांपर्यंत राहतं, ठोके पडल्यासारखं दुखतं, जिने चढलं की वाढतं, उजेड-आवाज-वास सोसवत नाही, आणि मधल्या दिवसांत माणूस ठणठणीत असतो.

यासाठी वही वगैरे करू नका, चार दिवसांत हरवते. स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं ना, त्याच्या चौकटीत लिहा. नाक चोंदलं तर "ना", डोकं दुखलं तर "डो", दुखण्यावरची गोळी घेतली तर एक टिंब. तीन महिने. दुधाचा हिशोब लिहायची सवय आहेच, त्याच्या शेजारी. माझं तीन महिन्यांनी बघितलं तर "ना" मसाल्याच्या दिवसांत आणि भर पावसात, आणि "डो" भलतीकडेच: एकादशीला, ऑर्डरीच्या गडबडीत जेवण चार वाजता झालं त्या दिवशी, आणि गणपतीत, लाऊडस्पीकरखाली तीन रात्री झोप नाही तेव्हा. नाकाचा त्यात संबंध नव्हता. हे पान मॅडमना दाखवलं तर त्या म्हणाल्या, असे पेशंट मिळाले तर माझी ओपीडी दोन वाजता संपेल.

नाक धुणं

हा खरा उपाय. याला वेळ द्या, कारण चुकीचं केलं की माणूस एकदाच करतो आणि बाटली माळ्यावर टाकतो. मी तसंच केलं होतं. पहिल्या दिवशी मान मागे टाकून नाकात पाणी ओतलं, जसं डोळ्यांत औषध घालतात तसं. निम्मं घशात गेलं, निम्मं कानात चढलं, दिवसभर उजवा कान बंद. शेजारचा शाळकरी मुलगा मोरीच्या दाराशी उभा राहून बघत होता. तो आईला जाऊन म्हणाला, काकू बुडतायत.

पाणी आधी. नळाचं पाणी थेट नाकात घालायचं नाही, हे पक्कं. मुंबईचं पाणी पिण्यासाठी चांगलं असेल, पण पोटात गेलेल्या जंतूला पोटातलं आम्ल भेटतं. नाकातून वर गेलेल्याला ते आडवं येत नाही. कोमट गोड्या पाण्यात एक अमीबा असतो, तो नाकावाटे मेंदूपर्यंत पोचतो. 2011 साली अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात नळाच्या पाण्याने नेती केल्यामुळे दोघांचा जीव गेला. केरळात अलीकडे मेंदूच्या अमीबाचे रुग्ण निघाले, तेही पेपरात आलं होतं. हे फार क्वचित होतं, पण पाणी उकळायला गॅस कितीसा लागतो? चांगली उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट उकळू द्या, झाकून कोमट होऊ द्या. फिल्टरचं असलं तरी उकळा. मी रात्री जेवणानंतर पातेलं चढवते, सकाळी त्यातलंच थोडं गरम करून घेते.

मीठ: अर्ध्या लिटर पाण्याला साडेचार ग्रॅम. माझ्याकडे मसाल्याचा काटा आहे म्हणून मी मोजते. तुमच्याकडे नसेल तर 5 मिलीच्या मापाचा पाऊण चमचा, सपाट. आपला चहाचा चमचा कुणाच्या घरी केवढा असतो त्याचा नेम नाही, म्हणून खोकल्याच्या औषधाबरोबर येतं ते माप वापरा. बारीक मीठ घ्या, शक्यतो बिनआयोडिनचं, म्हणजे चुरचुरत नाही. चिमूटभर खायचा सोडा. बेकिंग पावडर नव्हे. माझ्या नणंदेने ती घातली होती. हे माप करायचा कंटाळा असेल तर मेडिकलमध्ये तयार पुड्या आणि दाबायची बाटली मिळते, पुडीवर लिहिलेलं असेल तेवढंच पाणी घ्यायचं. नाक झोंबलं की लोक मीठ कमी करतात. खरं तर साधं पाणी सगळ्यात जास्त झोंबतं.

आता उभं राहणं. मोरीत किंवा बेसिनवर कंबरेतून पुढे वाका. कपाळ हनुवटीपेक्षा फार खाली जाऊ देऊ नका. मान किंचित एका बाजूला कलती करा. तोंड उघडं, श्वास तोंडाने, आणि हळू "आऽऽ" म्हणत राहा. त्याने घशाचा मागचा पडदा वर उचलला जातो आणि पाणी तोंडात उतरत नाही. वरच्या नाकपुडीला बाटली लावा, अलगद दाबा. पाणी खालच्या नाकपुडीतून आलं पाहिजे. त्या वेळी गिळायचं नाही, बोलायचं नाही, दारावर कुणी आलं तरी ओ द्यायची नाही. एका बाजूला साधारण 100 ते 120 मिली. मग दुसरी बाजू.

झाल्यावर वाकूनच डोकं डावीकडे-उजवीकडे करा, पाणी निथळू द्या. एक-एक नाकपुडी मोकळी ठेवून हलके शिंकरा. दोन्ही चिमटीत धरून जोर लावला तर पाणी कानाकडे जातं. आणि अर्धा तास कुणासमोर वाकू नका. मी एकदा गिऱ्हाईकाला पिशवी द्यायला वाकले आणि नाकातून सरळ धार लागली, नशीब पिशवीचं तोंड बांधलेलं होतं. झोपायच्या आधी लगेच धुवायचं नाही तेही यासाठीच.

एरवी दिवसातून एकदा, सर्दी पिकलेली असली तर दोनदा. नाक पार ठार बंद असेल तर जबरदस्तीने पाणी दाबायचं नाही. कानात पू असेल, पडदा फाटलेला असेल, नुकतं नाकाकानाचं ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. बाटली रोज धुऊन उलटी वाळत घाला आणि दर तीनेक महिन्यांनी बदला. पावसाळ्यात आमच्याकडे पापडसुद्धा बुरसतो, बाटलीचं काय.

स्प्रे, थेंब आणि माझी सात महिन्यांची लाज

मेडिकलच्या काउंटरवर नाकात मारायची दोन औषधं मिळतात. लोकांना ती एकच वाटतात.

एक थेंब किंवा स्प्रे असतो झटपट नाक उघडणारा. बाटलीवर झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असं लिहिलेलं असतं. दोन मिनिटांत नाक मोकळं, स्वर्गच. पण तीन दिवस, फार तर पाच. पुढे चालू ठेवलं की औषध उतरताना नाक आधीपेक्षा जास्त सुजतं, मग परत थेंब, परत सूज. मी सात महिने घेत होते. एक बाटली पर्समध्ये, एक उशीखाली, एक गॅसच्या खिडकीत मोहरीच्या डब्यामागे. घरात कुणाला सांगितलं नव्हतं. हे म्हणायचे, तुझं सायनस वाढत चाललंय. सायनस कसलं, ते थेंबच नाक बंद करत होते. सोडवलं कसं? मॅडमनी दुसरा स्प्रे सुरू केला आणि सांगितलं, आधी एकाच नाकपुडीत बंद करा, दुसरीने श्वास घ्या. ती मोकळी झाली की दुसरीतही बंद. दहा रात्री वाईट गेल्या. दोन उशा घेऊन, भिंतीला टेकून बसूनच झोपले. मग सुटलं. ब्लडप्रेशर असेल त्यांनी हे थेंब, आणि नाक उघडणाऱ्या सर्दीच्या गोळ्याही, विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

दुसरा स्प्रे स्टेरॉइडचा, फ्लुटिकासोन, मोमेटासोन वगैरे. नाव ऐकून घाबरू नका, रक्तात फार थोडं जातं. हा लगेच काही करत नाही, म्हणून लोक आठवड्यात टाकून देतात. फरक दिसायला दोनेक आठवडे, आणि खरा निकाल दोन-तीन महिन्यांनी. मारायचा कसा, ते मला कुणीच दाखवलं नव्हतं: नाक धुऊन झाल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी, मान किंचित खाली, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने. हात असा उलटा घेतला की नळीचं तोंड आपसूक बाहेर, डोळ्याच्या कोपऱ्याकडे जातं. मधल्या पडद्यावर मारलं तर रक्त येतं. जोरात ओढायचं नाही, औषध घशात जातं आणि कडू लागतं. डोळ्यांत काचबिंदू असेल तर तसं आधी सांगा.

अँटिबायोटिकचं एका दमात सांगते. बहुतेक सर्दी-सायनस विषाणूचा असतो, तिथे अँटिबायोटिक काही करत नाही. शेंबूड हिरवा-पिवळा झाला म्हणून जंतू झाला असं नाही. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींचा. दहा दिवस उलटूनही उतार नाही, किंवा बरं वाटून पुन्हा उलटलं, किंवा 102 ताप, पू आणि चेहरा ठणकणं हे तीन-चार दिवस टिकलं, तर डॉक्टर विचार करतात. काउंटरवर "तीन दिवसांचं पाकीट द्या" म्हणून मागायचं नाही. मी वर्षात पाच पाकिटं घेतली होती. उपयोग शून्य, पोट मात्र बिघडलं.

वाफ. वाफेने बरं वाटतं, मी नाही म्हणत नाही, पण सायनस तिने धुतला जात नाही, तेवढ्यापुरतं सैल वाटतं. उकळत्या पातेल्यावर टॉवेल घेऊन पोरांना बसवू नका. आमच्याच मजल्यावर एक मुलगी मांडीवर भाजली. त्यापेक्षा बाथरूममध्ये गरम पाण्याची बादली, दार बंद. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून गालाला शेकली तर चालते, हाताला आधी लावून बघा. सुंठेचा लेप मी अजून लावते. कातडी जळजळते आणि दुखणं विसरायला होतं, एवढाच त्याचा गुण. नाकात तेल-तूप रोज सोडू नका, ते फुप्फुसात उतरत राहिलं तर तिथे सूज येते. कापूर लहान मुलाच्या नाकाजवळही नेऊ नका. आणि सासूबाईंची तपकीर! "दोन शिंका आल्या की मोकळं" असं म्हणत त्यांनी आयुष्य काढलं. ती तंबाखू आहे. घरात मिशरी भाजत असाल तर तो धूरही तसाच.

डोक्यासाठी वेगळा हिशोब

कालनिर्णयातली टिंबं मोजा. साधी पॅरासिटामॉलसारखी गोळी महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, किंवा दोन-तीन औषधं एकत्र असलेली गोळी 10 किंवा जास्त दिवस, असं तीनेक महिने चाललं की गोळीच डोकं दुखवायला लागते. माझी एका ऑक्टोबरात 22 टिंबं होती. मॅडमनी चौकटी मोजल्या, मग परत मोजल्या. गोळ्या कमी केल्यावर पहिला आठवडा दुखणं वाढतं, हे आधीच घरी सांगून ठेवा म्हणजे कुणी कळवळून गोळी आणून देणार नाही.

पॅरासिटामॉल मोठ्या माणसाला 24 तासांत 4 ग्रॅमच्या वर कधीच नाही, यकृताचा त्रास किंवा दारू असेल तर त्याहून बरंच कमी. गंमत अशी की सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असतं. सर्दीची एक, डोक्याची एक, अंगदुखीची एक, तिन्हींत तेच. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं पोराकडून वाचून घ्या. दमा असलेल्यांना नाकात पॉलिप, म्हणजे मांसाचे कोंब, असतील तर आयबुप्रोफेन-ॲस्पिरिनने दम लागू शकतो, तेव्हा तेही विचारून.

अर्धशिशीला गोळी घ्यायचीच तर सुरुवातीलाच घ्या. मी "बघू, थांबेल" म्हणत दोन तास काढायचे आणि मग गोळी उलटीत जायची. मानेला थंड फडकं, अंधार, झोप. दुखणं महिन्यात चारपेक्षा जास्त दिवस येत असेल तर रोज घ्यायची प्रतिबंधक औषधं असतात, ती डॉक्टर माणूस बघून ठरवतात. मला एक लागू पडली. आणि जेवण वेळेवर. एकादशी मी सोडली नाही, पण आता साबुदाणा खिचडी अकराला खाते, तीनला नाही. सासूबाईंनी एक वर्ष तोंड फुगवलं होतं.

मुंबईत राहून

जून ते सप्टेंबर भिंती पाझरतात. आमच्या कपाटामागे काळी बुरशी होती, सहा वर्षांत कुणी कपाट हलवलंच नव्हतं. आता ते भिंतीपासून वीतभर पुढे आहे. बुरशी कोरड्या झाडूने झाडायची नाही, उडते. मास्क लावून ओल्या फडक्याने पुसायची. झोपायच्या खोलीत ओले कपडे वाळत घालू नका, हे सांगायला सोपं, दहा बाय बाराच्या खोलीत करायला कठीण, म्हणून निदान पंखा आणि खिडकी. मच्छरची कॉइल बंद करून मच्छरदाणी लावा. धूप-अगरबत्ती देवाला एकच पुरते.

पाऊस संपला की धूळ. समोर टॉवरचं काम, मागे टॉवरचं काम, हिवाळ्यात सकाळी धुरकं खालीच बसलेलं असतं. त्या दिवसांत पहाटे चालायला जाणं मी सोडलं, उन्हं वर आल्यावर जाते. मिरची भाजताना एन-95 लावते, पट्ट्या दोन्ही, नाकावरची तार दाबून. कापडी मास्कमधून तिखट आत येतंच. कांडपावरून घरी आले की आधी नाक धुते, मग चहा. मिरचीची ही ॲलर्जी नसते, ती नुसती चीड आणते नाकाला. पण सुजलेल्या नाकाला तेवढंही खूप होतं.

डॉक्टरांकडे काय विचारायचं

नाकात दुर्बीण घालून बघा म्हणावं; दोन मिनिटांचं काम, गुदगुल्या होतात एवढंच. सीटी स्कॅन औषधं करून झाल्यावर, भर सर्दीत नको, कारण सर्दीत सगळ्यांचेच सायनस भरलेले दिसतात. रिपोर्टात "म्युकोसल थिकनिंग" किंवा "डीएनएस" लिहिलेलं असतं, ते वाचून रडू नका. पहिलं म्हणजे अस्तर जाड, दुसरं म्हणजे मधला पडदा वाकडा; कसलाही त्रास नसलेल्या माणसांतही दोन्ही सापडतात. एकाच बाजूला, घाण वास मारणारा स्राव असेल तर वरच्या दाढा दाखवा, त्यांची मुळं गालाच्या पोकळीला लागून असतात. आमच्या ह्यांचं "सायनस" एका किडलेल्या दाढेबरोबर गेलं.

ऑपरेशन दुर्बिणीतून होतं, नाकाच्या आतून. औषधांनी महिनोन् महिने उतार नसेल किंवा पॉलिप मोठे असतील तर कामाचं आहे. पण त्यानंतरही धुणं आणि स्प्रे सुटत नाही. ऑपरेशनने दार मोठं होतं, झाडू आपल्यालाच मारायचा. निव्वळ डोकेदुखी जावी म्हणून करून घेऊ नका.

आणि या गोष्टींना ओपीडीची वाट बघायची नाही, रात्री असली तरी कॅज्युअल्टीत जायचं: डोळ्याभोवती सूज, दोन-दोन दिसणं, नजर कमी होणं, ताप आणि मान ताठ, बोलणं अडखळणं, हातपाय लुळा पडणं, भान हरपणं, विजेसारखं अचानक, आयुष्यात कधी झालं नाही असं डोकं दुखणं. मधुमेह असेल आणि गाल बधिर झाला, नाकातून काळपट काही आलं तर तासभरही थांबू नका. 2021च्या मे महिन्यात काळ्या बुरशीने (म्युकरमायकोसिस, भिंतीवरची ती नव्हे) काय केलं ते मुंबईने बघितलंय. एकाच नाकपुडीतून वारंवार रक्त, किंवा वाकल्यावर पाण्यासारखं स्वच्छ, खारट टपटपणं, हेही दोन-चार दिवसांत दाखवायचं.

वास

वास परत आणायचा सराव असतो. चार वेगवेगळे वास, दिवसातून दोनदा, एकेक वीसेक सेकंद, तीन महिने तरी. वास येवो न येवो, त्या वस्तूची आठवण काढत हुंगायचं. डॉक्टर गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी सांगतात. मी लवंग आणि लिंबू ठेवलं, बाकी दोन माझी: धणे आणि त्रिफळ (कोकणातला मसाला, त्रिफळा चूर्ण नव्हे). चार लहान बरण्या देवाच्या फळीखाली, दिवा लावला की सकाळ-संध्याकाळ. पहिले दोन महिने बरणीत कागद ठेवला असता तरी चाललं असतं. मग लिंबू आलं, मग लवंग.

यंदाच्या मार्चात मी बाहेरच्या खोलीत मिरच्यांची देठं काढत बसले होते. सून आत धणे भाजत होती. मी तिथूनच ओरडले, "उतरव गं, झाले!" तिने परात खाली घेतली, बघितलं आणि म्हणाली, "आई, अजून अर्धा मिनिट चालले असते." तिचं बरोबर होतं. त्रिफळाची बरणी मात्र अजून मुकीच आहे, ते अजून सूनच हुंगून सांगते.